आप्पांचा बोलका चष्मा

दिवाळीत वळसंगला गेले होते तेव्हा आप्पांच्या बँक खात्यात किती शिल्लक आहे हे स्टँडजवळच्या हॉटेलात बसलेल्या समस्त मंडळींना कळलं. एका आप्पांना सोडून.

झालं असं, की नव्या चष्म्याची परीक्षा घ्यायची म्हणून आप्पांनी खिशातलं पासबुक काढून डोळ्यांसमोर धरलं, काडीवरचं बटण दाबलं, आणि चष्म्यातली बाई खणखणीत आवाजात तारीख, जमा, नावे, शिल्लक असं सगळं वाचून मोकळी झाली. आवाज मीच सकाळी शेवटपर्यंत वाढवून ठेवला होता. चहा गाळणारा पोरगा गाळणी हातात धरून थांबला. शेजारच्या बाकावरचे आप्पांचे जुने दोस्त म्हणाले, "मग आजचा चहा तुझ्याकडून बे!" आणि आप्पा माझ्याकडे वळून विचारतायत, "काय म्हणाली ती?"

सगळे हसले. मीही हसले. घरी परतताना मात्र हसू आलं नाही. एवढा खर्च करून आणलेलं यंत्र अख्ख्या हॉटेलाशी बोलत होतं आणि ज्याच्या नाकावर बसलं होतं त्याच्याशीच बोलत नव्हतं.

आधी थोडं मागचं सांगते, म्हणजे गोंधळ होणार नाही.

आप्पा आता शहात्तर वर्षांचे आहेत. त्यांच्या डोळ्यांच्या पडद्याचा मधला भाग झिजत गेलाय. मॅक्युलर डीजनरेशन असं त्याचं भारदस्त नाव. यात माणूस पूर्ण आंधळा होत नाही. कडेचं दिसत राहतं, नेमकं जिकडे बघावं तेवढंच जातं. म्हणजे आप्पा अंगणातून फिरतात, दारातली चप्पल बरोबर टाळतात, लांबून चालत येणारा माणूस त्यांना कळतो, पण तो समोर येऊन बसला की त्याच्या तोंडाच्या जागी नुसता करडा डाग. वाचन तर चार वर्षांपूर्वीच सुटलं. रोज सकाळी हॉटेलात बसून 'संचार' पहिल्या पानापासून शेवटच्या पानापर्यंत वाचणारा हा माणूस. कुणी पान आधी घेतलं तर तोंड पाडून बसायचा.

आणि कान. कान त्याच्या कितीतरी आधी गेलेले. आप्पांनी तीस-बत्तीस वर्षं सोलापुरात यंत्रमागावर चादरी विणल्या. वळसंग आणि सोलापूरची अक्कलकोट रोड एमआयडीसी एकाच रस्त्यावर, मध्ये वीसेक किलोमीटर. एसटीने जायचे, यायचे, पाळी लागेल तसं. लहानपणी एकदा त्यांचा डबा विसरला म्हणून काकाबरोबर मी कारखान्यात गेले होते. दारातच थांबले. आवाज कानात नाही, छातीत लागत होता. एक धोटा इकडून तिकडे जाताना जो फटका बसतो तो मिनिटाला शंभराहून जास्त वेळा, आणि असे कितीतरी माग एका पत्र्याखाली. यंत्रमागाच्या शेडमध्ये ९५-१०० डेसिबल आवाज असणं ही नवलाची गोष्ट नाही. आपल्याकडच्या कारखान्यांच्या नियमांत आठ तासांसाठी मर्यादा ९० ची आहे. पाच-दहाचा फरक म्हणजे काही फार नाही असं वाटतं, पण डेसिबलचा हिशोब आपल्या पाढ्यांसारखा चालत नाही, दहाने वाढलं की आवाजाची ऊर्जा दहा पट होते. आवाजाने येणारा बहिरेपणा कायद्यात कळवण्याजोगा रोग म्हणून नोंदलेलाही आहे. आप्पांना हे मी सांगितलं तर म्हणाले, "कुणाला कळवायचं? मालकाला? तो पण बहिराच होता की."

त्या कारखान्यात कुणी कुणाशी बोलत नसे. बोलून उपयोगच नाही. सगळं हातांनी आणि ओठांनी. दोन बोटं जोडून एकदम फाकवली की धागा तुटला. अंगठा तोंडाकडे नेला की चहा. मिशीवरून बोट फिरवलं की मुकादम येतोय. तळहात आडवा करून हवेत सरळ ओढला की माग बंद कर. आप्पा घरीसुद्धा जेवताना असे हात करायचे आणि आई चिडायची. आणि ओठ तर ते इतके सफाईने वाचायचे, की निवृत्त होईपर्यंत आम्हाला कुणाला कळलंच नाही त्यांना किती कमी ऐकू येतं. समोर बसून बोललं की उत्तर बरोबर यायचं. पाठीमागून हाक मारली की नाही. आई म्हणायची, मुद्दाम करतात.

तर आता लक्षात आलं असेल. डोळे अधू झाले त्या दिवसांत आप्पा अचानक "बहिरे झाले". कान होते तसेच होते. ते डोळ्यांनी ऐकत होते, ते बंद पडलं.

आणि मी शहाणी पुण्याहून त्यांच्यासाठी काय घेऊन गेले? कानात बोलणारा चष्मा.

चष्मा तसा चांगला आहे हो. काडीवर छोटा कॅमेरा, बाकी सगळं डोकं फोनमधल्या अ‍ॅपमध्ये. समोर धरलेला कागद, पाटी, नोट, औषधाची पट्टी, जे असेल ते वाचून दाखवतो, मराठीतही. कंपनीचं नाव लिहीत नाही, कारण चूक त्यांची नव्हती. मी विकत घेताना सगळं पाहिलं: बॅटरी किती तास, कॅमेरा कसा, वजन किती, पावसात चालेल का. आवाज कुठून येतो आणि कुठे जातो हे पाहिलंच नाही. चष्मा म्हटल्यावर माणूस डोळ्यांचाच विचार करतो.

त्या रात्री हॉटेलातून आल्यावर जे वाचायला बसले ते पहाटे दोनपर्यंत. (वळसंगला आता नेट पुण्यापेक्षा बरं चालतं हे जाता जाता सांगते.)

आवाजाचे चष्मे ही काही आजची गोष्ट नाही. १९५० च्या दशकात अमेरिकेत काडीमध्ये श्रवणयंत्र बसवलेले चष्मे निघाले होते आणि बरेच खपले होते, कारण लोकांना यंत्र लपवायचं होतं. त्यातले काही कानामागच्या हाडावर कंप देणारेही होते. मग २०१३ मध्ये गूगल ग्लास आला, त्यातही पहिल्यांदा हाडातूनच आवाज द्यायची सोय होती. गजबजाटात तो पुरत नाही अशी कुरकुर झाली आणि पुढे कानात घालायचं बोंडुक वेगळं मिळू लागलं. २०१९ मध्ये बोसने काडीतच स्पीकर बसवलेले गॉगल बाजारात आणले आणि बहुतेकांनी तीच वाट धरली. आपल्याकडे २०२२ मध्ये टायटनने काढलेला चष्मा, त्याच वर्षीचा नॉइझचा (बहिऱ्या माणसासाठी काय नाव आहे!), २०२५ च्या मे महिन्यात भारतात आलेला रे-बॅन मेटा, हे सगळे त्याच जातीचे. काडीच्या खालच्या बाजूला कानाजवळ बारीक फट असते, तिच्यातून आवाज कानाच्या दिशेने सोडतात. कानात काही घालायचं नाही, कान मोकळा. आवाज बाहेर सांडू नये म्हणून दुसऱ्या फटीतून उलट्या लाटा सोडून मूळ आवाज मारायची युक्तीही काही जण करतात. नेहमीच्या आवाजाला ती बरी चालते. शेवटपर्यंत वाढवलेल्या आवाजाला नाही, हे आमच्या हॉटेलात सिद्ध झालंच आहे.

पण या स्पीकरची खरी गोम मला त्या रात्री कळली. एवढ्याशा डबीतून जाडा, खर्जाचा आवाज निघू शकत नाही. त्यासाठी हवा जास्त हलवावी लागते आणि तेवढी जागा काडीत नसते. म्हणून त्यातून येतो तो मुख्यतः मधला आणि वरचा, पातळ आवाज. आणि आवाजाने गेलेले कान नेमके वरच्या आवाजांना जातात, ४००० हर्ट्झच्या आसपास आधी खड्डा पडतो आणि वयाबरोबर तो पसरत जातो. खालचं त्यांना चांगलं ऐकू येतं. म्हणजे चष्मा जे देऊ शकत होता ते आप्पांना घेता येत नव्हतं, आणि आप्पा जे घेऊ शकत होते ते चष्म्याकडे नव्हतं. आपल्या भाषेत आ, ओ, ऊ हे स्वर खालचे, जोरकस. स, श, थ, फ, ख ही सगळी वरच्या पट्टीतली हवा. ती गेली की 'सात' आणि 'आठ' यात फरक राहत नाही. आप्पा म्हणतात ना, "आवाज येलालंय, बोलणं नाही येलालं," ते अगदी शास्त्रशुद्ध आहे. (येलालंय, जालालंय, करलालंय ही आमची सोलापुरी. चष्म्यातल्या बाईला ती येत नाही. ती फार शुद्ध बोलते, त्यामुळे आप्पांना पहिल्या दिवशी ती सरकारी बाई वाटली.)

दुसऱ्या दिवशी भाच्याने डोकं लढवलं. चष्म्याचं सगळं बोलणं फोनमधून होतं, तर फोनला इअरफोन जोडू, आवाज थेट कानात. जोडलं. कानात घट्ट बसणारी ती रबरी बोंडं. आप्पांना पहिल्यांदा दोन-तीन शब्द कळले, चेहरा खुलला. भाचा तर नाचलाच.

संध्याकाळी आप्पा रोजच्यासारखे फिरायला निघाले. त्यांचा रस्ता ठरलेला आहे. घरापासून गल्लीने विहिरीपर्यंत (१९३७ साली डॉ. बाबासाहेब आंबेडकर वळसंगला आले होते ना, त्यांच्या हस्ते खुली झालेली ती विहीर. बाहेरगावचे लोक आजही बघायला येतात), तिथून वळून अक्कलकोट रस्त्याच्या कडेकडेने थोडं चालायचं आणि परत. तो रस्ता आता चौपदरी झालाय. पूर्वी लाल डबा आणि बैलगाड्या, आता ट्रक, भरधाव गाड्या, गाणगापूर-अक्कलकोटच्या भक्तांच्या ट्रॅव्हल्स, आणि हंगामात उसाच्या ट्रॉल्या. आप्पांना मधलं दिसत नाही पण कडेचं दिसतं, आणि उरलेलं ते ऐकून भरून काढतात. ट्रकची घरघर खर्जातली, ती त्यांना अर्ध्या किलोमीटरवरून कळते. एसटी आणि ट्रक आवाजावरून वेगळे सांगतात.

मी दहा पावलं मागे होते. मागून ट्रॅक्टर आला, दोन ट्रॉल्या लावलेला, गाणी लावलेला. मला वाटलं आप्पा बाजूला होतील. झाले नाहीत. कानात बाई कुठल्याशा बियाण्याच्या दुकानाची पाटी वाचत होती. ट्रॅक्टरवाल्याने शिव्या घालत चाक वळवलं, दुसरी ट्रॉली आप्पांच्या सदऱ्याला घासून गेली. मी ओरडले होते. ते त्यांना अर्थातच ऐकू गेलं नाही.

आप्पांनी उभ्या उभ्या दोन्ही बोंडं काढली, माझ्या हातात दिली आणि म्हणाले, "हे नको अक्का. डोळे गेले, आता कान पण बांधून ठेवू का?"

माझ्या पायांचं पाणी झालं होतं. त्यांचं नव्हतं. ते पुढे चालायला लागले.

मग मी ठरवलं की उपाय एकच. हाडातून ऐकवणारा हेडसेट. कान पूर्ण मोकळे, गालफडाच्या वरच्या हाडावर दोन गोळ्या टेकतात, कंप हाडातून आत जातो. पळायला जाणारे लोक वापरतात, सैन्यातही वापरतात, आणि विकणाऱ्यांच्या जाहिरातीत "कमी ऐकू येणाऱ्यांसाठी वरदान" असं लिहिलेलं. कान बिघडलाय ना, मग कानाला वगळूनच जायचं. इतकं सोपं गणित. पाचेक हजार गेले. पुण्याहून कुरिअरने पाठवला आणि व्हिडिओ कॉलवरून भाच्याला जोडायला लावला. आप्पांनी घातला. "गुदगुल्या होतात," म्हणाले. मग थोडं थांबून, "हां, येलालंय की. चांगलं येलालंय."

मी किती खूश झाले ते काय सांगू. महिनाभर रोज संध्याकाळी फोन. "आप्पा, आज काय वाचलं?" ते सांगायचे. उजनीत पाणी किती, उसाच्या दराचं काय चाललंय, महापालिकेत काय भांडण झालं. मी ऑफिसात चारचौघींना कौतुकाने सांगितलं. एका मैत्रिणीच्या वडिलांसाठी तसाच हेडसेट घ्यायला लावणार होते.

संक्रांतीला गेले तेव्हा आईने स्वयंपाकघरात मला धरलं. भाकरी थापता थापता, मान वर न करता म्हणाली, "त्यांना काही ऐकू येत नाही त्यातनं. नुसतं हं हं म्हणत बसतात. सकाळी हॉटेलात कुणाकडनं तरी बातम्या विचारून घेतात, तुझा फोन यायच्या आधी."

"मला का नाही सांगितलं?"

"तू एवढं करलालीस म्हणून. पैसे घातलेस."

आप्पा बाहेर ओट्यावर तो हेडसेट घालून, मांडीवर 'संचार' उघडून बसले होते. चष्मा वाचत होता. पान उलटायचं तेव्हा उलटत होते. मी किती तरी वेळ दारात उभी राहून बघत होते. त्यांना मी तिथे आहे हे कळलं नाही.

आप्पांवर चिडावं की स्वतःवर, हे ठरेना. शेवटी दुसऱ्या दिवशी त्यांना घेऊन सोलापूरला कानाच्या डॉक्टरांकडे गेले. काकूही बरोबर निघाल्या, त्यांना सिव्हिलजवळ काहीतरी काम होतं आणि गाडीत जागा होती.

हे आधी करायला हवं होतं हे तुम्ही म्हणणार. मान्य. आप्पा निवृत्त झाल्यापासून आम्ही डोळ्यांच्या डॉक्टरांकडे वीसेक वेळा गेलो असू, कानाच्या एकदाही नाही. कानाचं काय, वय झालं की जायचंच, असं.

डॉक्टरांनी ड्रॉवरमधून एक काटा काढला. शाळेत फिजिक्सच्या प्रयोगाला असतो तसला, ट्यूनिंग फोर्क. तो कोपरावर मारून वाजवला, आधी आप्पांच्या कानामागच्या हाडावर टेकवला आणि मग कानासमोर धरला. कुठे जास्त वेळ ऐकू येतं विचारलं. आप्पा म्हणाले, समोर. ही तपासणी एकोणिसाव्या शतकातली आहे, रिने नावाच्या जर्मन डॉक्टरने १८५५ मध्ये सांगितलेली. पाच हजारांचा हेडसेट घेऊन महिनाभर मला जे कळलं नाही ते त्या काट्याने अर्ध्या मिनिटात सांगितलं. बाहेरून हवेतून येणारा आवाज आणि हाडातून येणारा आवाज, दोन्ही शेवटी जातात ते एकाच ठिकाणी, आतल्या शंखात. तिथल्या बारीक केसांच्या पेशी आवाजाचं शब्दांत, म्हणजे मेंदूला कळेल अशा संकेतांत रूपांतर करतात. कानाचा पडदा फाटला असेल, मधली हाडं अडकली असतील, तर हाडाचा रस्ता कामाला येतो, कारण तो बिघडलेला भाग टाळतो. आप्पांचे पडदे ठणठणीत. मागांनी खाल्ल्या त्या आतल्या पेशी, आणि त्या परत उगवत नाहीत. विहिरीत पाणीच उरलं नसेल तर मोट लावा नाहीतर मोटर.

पुढे ऑडिओग्राम झाला. कागदावर रेघ डावीकडून बरी निघते आणि मधे आल्यावर कड्यावरून उडी मारल्यासारखी खाली जाते. आप्पांना तो कागद दिसत नव्हता म्हणून मी त्यांचं बोट धरून त्या रेघेवरून फिरवलं. बोट खाली घसरलं तसे ते म्हणाले, "हे जॅकार्ड."

आता काकूंची गोष्ट. आम्ही तपासणीत असताना काकू बाहेर बाकावर बसल्या होत्या, माझी पिशवी सांभाळत. पिशवीत तो हेडसेट आणि चष्मा, डॉक्टरांना दाखवायला आणलेले. बाहेर येऊन बघते तर काकूंनी दोन्ही चढवलेले आणि तोंडाचा आ वासलेला. काकूंचा डावा कान लहानपणापासून फुटलेला, उजवाही पुढे वाहायला लागला. गावात पोरांचे कान वाहणं म्हणजे सर्दीसारखंच मानायचे, तेल घालून कापूस कोंबायचे. काकूंशी बोलायचं म्हणजे ओरडायचं हे घरात इतकं ठरलेलं, की आम्ही हळू बोलायचं असलं की त्यांच्यासमोरच बोलत असू.

"अगं, हे तर डोक्यात बोललालंय!" काकू दवाखाना दणाणेल अशा आवाजात म्हणाल्या. त्यांनी चुकून बटण दाबलं होतं आणि चष्मा भिंतीवरच्या पाट्या वाचत होता. "इथं थुंकू नये म्हणतंय. आणि चप्पल बाहेर काढा. बघ, आपण घालूनच आलो की."

काकूंना वाचता येत नाही. शाळेत दोन वर्षं गेल्या, कान वाहायचा म्हणून मागे बसवत, तिथे काही ऐकू यायचं नाही, मग जाणं बंद झालं. त्यांचे डोळे आजही सुईत दोरा ओवण्याइतके चांगले आहेत. मी चष्मा आणला तो वाचणं गेलेल्या माणसासाठी. ज्याला वाचणं मिळालंच नव्हतं असं माणूस त्याच घरात पाठीमागच्या खोलीत राहतंय, हे माझ्या डोक्यात एकदाही आलं नव्हतं. हे लिहितानाही मला बरं वाटत नाहीये.

हेडसेट अर्थातच काकूंकडे राहिला. त्यांचीही तपासणी डॉक्टरांनी त्याच दिवशी करून घेतली. पडदा शिवायचं ऑपरेशन या वयातही होऊ शकतं म्हणाले, ते बघू, काकू अजून हो म्हणत नाहीत. पण चष्मा रोज दुपारी दोन तास त्यांचा असतो. पहिल्या आठवड्यात त्या किराणा दुकानात गेल्या आणि तेलाच्या पिशवीवरची किंमत दुकानदारालाच वाचून दाखवली. त्याने मुकाट्याने आठ रुपये परत केले. आता काकू शेजारणींच्या पिशव्याही तपासतात आणि दुकानदार त्यांना लांबून येताना बघितलं की आत जातो, असं आई सांगते.

आप्पांचं काय झालं ते राहिलं.

श्रवणयंत्र घेतलं. महाग आहे, खोटं कशाला बोलू. सरकारच्या १९८१ पासूनच्या योजनेतून मिळणारी यंत्रंही असतात, पण आम्हाला फोनशी थेट ब्लूटूथने बोलणारं हवं होतं. कारण त्यात चष्म्याचा आवाज आधी यंत्रात जातो, आप्पांच्या त्या कड्यावरून पडलेल्या रेघेप्रमाणे जिथे कमी तिथे वाढवला जातो, आणि मग कानात. आणि कान घट्ट बंद करणारा साचा न घेता, भोकं असलेली मऊ टोपी घेतली, म्हणजे खर्जातले आवाज जसेच्या तसे आत येतात. ट्रक येतो. ट्रॅक्टर येतो. पहिले चार दिवस मी आप्पांना रस्त्याकडे एकटं जाऊ दिलं नाही. पाचव्या दिवशी ते मला न सांगता जाऊन आले.

दोन बदल तर फुकटचे होते आणि पहिल्याच दिवशी करता आले असते. एक, बाईचा आवाज बदलून पुरुषाचा केला, खालच्या पट्टीतला. दोन, बोलण्याचा वेग पाऊणपट केला. भाच्याला तो इतका संथ वाटतो की तो म्हणतो, हा माणूस झोपेत वाचतोय का. आप्पांना पुरतो. सगळे शब्द कळतात असं नाही. नावं चुकतात, आकड्यांत घोटाळा होतो, हॉटेलात चार माणसं एकदम बोलायला लागली की सगळंच बुडतं. मग ते चष्मा बंद करून नुसते बसतात. श्रवणयंत्राने कान नवा होत नाही हे डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलं होतं, आणि इतक्या वर्षांच्या शांततेनंतर मेंदूला शब्द परत ओळखायला महिने लागतात हेही.

आता फोनवर मी "आज काय वाचलं" असं विचारत नाही. ते आपणहून सांगतात, किंवा सांगत नाहीत. परवा म्हणाले, "आज काहीच कळलं नाही. वारा होता." मला ते ऐकून इतकं बरं वाटलं.

आईची तक्रार आहेच. चष्म्याचं ऐकतात, माझं ऐकत नाहीत, वगैरे. त्यावर मी समोर, उजेडात बसून, हळू बोलून बघ म्हटलं, तर म्हणाली, पन्नास वर्षं काय केलं मग मी?

गेल्या आठवड्यात गेले होते. सकाळी ओट्यावर आप्पा आणि मी. पहिलं पान झालं, ऊस झाला, मग त्यांनी आतलं पान काढलं, निधन वार्तांचं. तो संथ आवाज एकेक नाव वाचत होता. मला काही ऐकू येत नव्हतं, सगळं त्यांच्या कानात. एका ठिकाणी त्यांनी बटण दाबून थांबवलं, परत मागे नेलं, परत ऐकलं. मग पान माझ्यासमोर धरून विचारलं, "बघ गं, नाव बरोबर सांगलालाय का हा?"

मी वाचलं, त्यांच्याकडे तोंड करून, सावकाश. त्यांच्याच पाळीतले. शेजारच्या मागावर होते, अकरा वर्षं.

आप्पांनी मान हलवली. चष्मा काढून मांडीवर ठेवला. मग उजवा तळहात आडवा केला आणि हवेत सरळ ओढला.